तारीख आधी, पगार नंतर

कराड

चि. सुमेध,
अनेक आशीर्वाद.

नव्या कंपनीचं ऑफर लेटर दोनदा वाचलं. पगार भरपूर वाढतोय, त्यामुळे आई खूश आहे. पण तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ आहे: अमेरिकेच्या ग्रीन कार्डचं काम एक वर्षाच्या नोकरीनंतर 'विचारात घेतलं जाईल'. असले शेरे मी स्वतः आयुष्यभर फायलींवर मारलेत, म्हणून सांगतो, सहीची घाई करू नकोस.

एच-1बीची, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाची, तुझी चार वर्षं संपत आली. एकूण मुदत सहा. पुढे वाढवून मिळते, पण त्यासाठी एकतर आय-140, म्हणजे तुझ्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर हवं, नाहीतर त्याच्या आधीच्या पायरीचा, पर्मचा (या जागेला तिथला माणूस मिळत नाही हे कामगार खात्याला पटवायचं), अर्ज जाऊन 365 दिवस झालेले हवेत. नवी कंपनी वर्षभराने हलली तर तोवर तुझं पाचवं वर्ष सरलेलं असेल. त्यानंतर वेतनाचा दर ठरवून घ्या, जाहिराती द्या, आलेले अर्ज तपासा, आणि मग कुठे पर्म भरा. हिशोब जमतच नाही रे.

आत्ताच्या कंपनीच्या वकिलाने काम जाहिरातींपर्यंत आणलंय. बॉस कटकट्या आहे, मान्य. पण पर्म ज्या दिवशी दाखल होईल तीच तुझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतला नंबर ठरवणारी तारीख, आणि एकदा आय-140 मंजूर झालं की ती तारीख तुझ्या नावावर. नव्या नोकरीत पर्म आणि आय-140 पुन्हा करावं लागेल, पण तारीख जुनीच लागते. मंजुरीला 180 दिवस झाले की जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी त्याच कागदावर तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. मग खुशाल उडी मार. नोंदणी कार्यालयात मी हेच बघत आलो: दस्त कुणाचा किती मोठा ते कुणी विचारत नाही, आधीची तारीख कुणाची ते विचारतात.

रांगेबद्दल स्वप्नं बघू नकोस. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार, त्यात बायको-पोरंही मोजतात, आणि कुठल्याही एका देशाला जेमतेम 7 टक्के. म्हणून 2025 सालीही व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर लागला ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकात, भारताच्या इबी-2 आणि इबी-3 या नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या वर्गांच्या तारखा 2013 च्या आसपास घुटमळत होत्या. तुझा नंबर कधी, हे मला विचारू नकोस. आय-140 हवंय ते मुख्यतः मुदतवाढीसाठी. शिवाय उद्या लग्न झालं तर त्याच जोरावर बायकोला एच-4 वर, म्हणजे एच-1बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचा परवाना मागता येतो.

इबी-1एचं, म्हणजे असामान्य कर्तृत्वाच्या वर्गाचं, म्हणशील तर दहा निकषांपैकी किमान तीन बसावे लागतात, आणि तेवढ्यानेही भागत नाही, सगळं मिळून वजन बघतात. तुझा एकच पेपर आहे. पैसे भरून 'पुरस्कार' मिळवून देणारा जो कन्सल्टंट तुला रोज मेसेज करतो, त्याला ब्लॉक कर. राष्ट्रीय हिताच्या सवलतीचा अर्ज कंपनीशिवाय स्वतःला करता येतो, पण रांग तीच, इबी-2ची. आणि पर्मचा खर्च, वकिलाच्या फीसकट, कायद्याने कंपनीचा. कुणी तुझ्या पगारातून कापायची भाषा केली तर समजून जा.

एक गंमत सांगतो. रांगेत देश धरतात तो जन्माचा, पासपोर्टचा नव्हे, आणि नवऱ्याला बायकोच्या जन्मदेशाची रांग लावून घेता येते. आईने साताऱ्याचं जे स्थळ काढलंय त्या मुलीचे वडील तेव्हा नोकरीला मस्कतमध्ये होते, तिचा जन्म तिथलाच. ती रांग आपल्यापेक्षा कितीतरी छोटी. पत्रिकेतल्या जन्मस्थळाचा असा उपयोग कुठल्या गुरुजींना सुचला नसेल! आईला हे बोललेलो नाही, नाहीतर उद्याच पोहे खायला जावं लागेल. तूही यावरून ठरवू नकोस, मुलगी आवडली तर बघ.

ग्रीन कार्डच्या शेवटच्या अर्जाला जन्माचा दाखला लागतो. तुझ्या जुन्या दाखल्यात नावाचा रकाना कोरा आहे. मी हिंडता-फिरता आहे तोवर नगरपालिकेतून ते करून घेतो. तुझ्या पासपोर्टवर आईच्या नावाचं स्पेलिंग काय आहे, त्या पानाचा फोटो पाठव. आणि पर्म नक्की कधी दाखल करणार ते वकिलाला ईमेलवर विचार, फोनवर नको.

तुझा,
बाबा