आबांसाठी धावून आलेल्यांचे आभार

‘तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे’ अशी धमकी देऊन आमच्या आबांना व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवलं आणि ठेव मोडायला लावून पैसे वळते करून घेतले. डिजिटल अटक (म्हणजे असं कॉलवरच ‘अटकेत’ ठेवणं) असलं काही आपल्या कायद्यात नाहीच, हे त्यांना बँकेच्या रांगेतल्या एका ताईंनी सांगितलं. ताई, घाईगडबडीत तुमचं नावही विचारायचं राहिलं.

त्यांनी लगेच 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावून दिला. आबांचे हात थरथरत होते, म्हणून पासबुकाच्या मागच्या पानावर यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर), रक्कम, वेळ, समोरचं खातं असं सगळं स्वतःच्या अक्षरात उतरवून काढलं. तक्रार नोंदवताना तोच कागद उपयोगी पडला. पैसे खात्यांमागून खाती फिरायच्या आत कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. काही रक्कम तशी अडकली, ती सोडवायला कोर्टात अर्ज केलाय.

अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्या काकांनी भर दुपारी (हो, पुण्यात, दुपारी!) शटर वर करून स्टेटमेंटच्या प्रती काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. सायबर पोलीस ठाण्यातल्या हवालदार दादांनी आबांना आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग विचारपूस केली. स्क्रीनशॉट पुसू नका, हेही त्यांनीच बजावलं.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ‘या वयात एवढं कळू नये?’ म्हणणारे नातेवाईक मात्र यातून वगळले आहेत.