जीट?

ह्यूस्टन, रविवार

ती. बाबांस सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलं, इंग्रजी जमून राहिलं का? खरं सांगू, पहिले दोन आठवडे डोक्यावरूनच जात होतं. ऑफिसात शेजारी बसणाऱ्यानं दुपारी विचारलं, "जीट?" मला वाटलं, कुण्या जीतला शोधून राहिला. म्हटलं, मी नाही पाहिला. मग त्यानं तोंडाशी हात नेऊन दाखवला. 'डिड यू ईट?' म्हणजे आपलंच 'जेवली का?' तीन शब्द, तोंडाबाहेर पडेस्तोवर एकच उरला!

तुम्ही आमच्याकडून 'आय ॲम गोइंग टू' पूर्ण म्हणवून घ्यायचे. इथं सगळे 'आयम गॉना'. पण त्यालाही व्याकरण आहे बरं का. पुढं क्रियापद असेल तरच चालतं. 'गॉना ईट' ठीक, 'गॉना नागपूर' नाही. गावाला जायचं तर 'गोइंग टू'च. आणि 'आय वॉन्ट टू'चं 'आय वॉना' चालतं, 'ही वॉना' म्हटलं की पकडले गेलो.

खरा घात केला 'कान्ट'नं. आपण त्यातला ट ठणकावून म्हणतो, यांचा घशातच राहतो. 'येऊ शकते' असेल तर 'आय कन कम', कन अगदी दबका. 'येऊ शकत नाही' असेल तर 'आय कॅन कम', कॅनवर जोर. मैत्रीण न्यायला येणार नव्हती, तसं तिनं सांगितलंही होतं. मी 'कॅन' ऐकलं आणि पाऊण तास उन्हात उभी!

'यॉल' मात्र फार आवडला. 'यू ऑल'चा झालेला. इंग्रजीत एकालाही यू, चौघांनाही यू. टेक्साससकट इथल्या दक्षिणेकडच्या लोकांनी अनेकांसाठी वेगळा शब्द करून घेतला. आपल्या 'तुम्ही'तला मान नाही त्यात, नुसती संख्या.

हे सगळं बोलण्यात. साहेबाला मेल लिहिताना अजून तुमचंच 'गोइंग टू' लिहिते.

आणि नाक मुरडू नका. आपण सीताबर्डीचं बर्डी केलं, 'आले होते'चं 'आल्ते' केलं. माझी पुण्याची रूममेट 'करून राहिली'वर हसते. तिचं 'करतेय' तरी काय, 'करते आहे'च ना गिळलेलं?

पुढच्या रविवारी फोन करते. मी 'जीट?' म्हटलं की तुम्ही म्हणायचं, 'नो, जू?', म्हणजे 'नो, डिड यू?' आईला तेवढं आधी सांगून ठेवा, नाहीतर हा जीत कोण म्हणून तीच मला धारेवर धरायची.

तुमची,
छोटी