फोटो नाद खुळा, पण खाली दोन ओळी तरी लिहा!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं जगभरातल्या फोटोंचं पान आमच्या घरात सगळ्यात आधी पळवलं जातं. फोटो नाद खुळा असतात, त्यात वादच नाही. तक्रार आहे ती त्याखाली जे छापता त्याबद्दल. "निसर्गाचा अद्भुत आविष्कार", "स्वर्ग इथेच आहे", "डोळ्यांचं पारणं फिटलं"... अहो पण कुठलं? कधीचं? काही वेळा तर देशाचंही नाव नसतं.

मागे एकदा जमीन आणि आभाळ एक झालेला फोटो होता, माणसं ढगांवर उभी असल्यासारखी. ते बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान. दहा हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय, म्हणजे आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा आत बसून वर जागा उरंल, आणि उंचीला कळसूबाईच्या दुपटीपेक्षा जास्त. पण तो आरसा काय बारमाही नसतो, तिकडचा पावसाळा असतो डिसेंबर ते मार्च-एप्रिल, तेव्हा मिठावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि त्यात आभाळ दिसतं, एरवी सगळं कोरडं पांढरं आणि भेगाळलेलं. आता कुणी तुमचा फोटो बघून पैसे साठवले आणि ऑगस्टमध्ये तिथं जाऊन उभा राहिला तर त्यानं काय बघायचं?

बालीचं तर विचारूच नका. लेम्पुयांग देवळाचा तो दुभंगलेला दरवाजा, मागं ज्वालामुखीचा डोंगर आणि खाली निवांत तळ्यात पडलेलं प्रतिबिंब, हा फोटो सगळीकडं फिरतो. तिथं तळं नाहीच! फोटो काढून देणारा मोबाईलच्या कॅमेऱ्याखाली छोटा आरसा धरतो, झालं तळं तयार. लोक तासन्‌तास लाईनीत उभे राहतात त्यासाठी. छापू नका असं म्हणत नाही मी, छापा, पण "आरशाची करामत" एवढं तरी लिहा की. आणि हे काय आजचं नाही, नॅशनल जिओग्राफिकसारख्या मासिकानं १९८२ च्या फेब्रुवारीत आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसवायला गिझाचे पिरॅमिड कॉम्प्युटरवर एकमेकांजवळ सरकवले होते, केवढी बोंबाबोंब झाली होती त्यावर. आता एआयच्या काळात तर पिरॅमिड सरकवायचीपण गरज नाही, घरबसल्या नवे उभे करता येतात.

इंडोनेशियातल्या इजेन ज्वालामुखीच्या फोटोखाली कायम "निळा लाव्हा" असं येतं. लाव्हा निळा नसतो हो. गंधकाची वाफ बाहेर पडते, हवेत पेट घेते आणि गंधकाची ज्वाला निळीच असते, म्हणून ते रात्रीच दिसतं, उन्हात काही कळत नाही. आपल्याकडंही साखर कारखान्यात रस साफ करायला गंधक जाळतात, तिथं काम केलेल्या माणसाला हे सांगायला लागणार नाही. आणि त्याच डोंगरातनं माणसं ७०-८० किलो गंधक खांद्यावर घेऊन चढतात, त्यांचा साधा उल्लेखपण नाही.

कोल्हापूरकराला हे एवढं खटकतं त्याला कारण आहे. किरणोत्सवाचे फोटो आपण बघतो ते तारीख आणि मिनिटासकट. ९ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी म्हटलं की मावळतीचं किरण महाद्वारातनं आत येऊन अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, आणि मध्येच ढग आला, हवेत धूळ-बाष्प जास्त असलं की किरणं कुठपर्यंत पोचली याची चर्चा पेठेपेठेत. तारीख काढून टाकली तर त्या फोटोत राहतं काय? आता इजिप्तमधलं अबू सिंबेल घ्या. तिथंही हेच, फक्त उगवतीचं किरण. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला ते सरळ गाभाऱ्यापर्यंत जातं, आत चार मूर्ती बसलेल्या, त्यातल्या तिघांवर प्रकाश पडतो आणि प्ताह हा देव अंधारातच राहतो. त्यात अस्वान धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून १९६४ ते ६८ मध्ये अख्खं देऊळ कापून सुमारे ६५ मीटर वर नेऊन परत जोडलंय! आणि तुमच्याकडं त्या फोटोखाली काय, तर "प्राचीन वैभव". हे वाचून माझी तर चिडचिडच झाली.

शिवाय तारखेशिवायचा फोटो काय करतो ते आम्ही दर पावसाळ्यात भोगतो. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीजवळ आली रे आली की २०१९ आणि २०२१ च्या महापुराचे फोटो आजचे म्हणून व्हॉट्सॲपवर सुरू, मग गावाकडनं पाहुण्यांचे फोन, सामान वर चढवायची पळापळ. पेपरनं तरी ती सवय लावू नये.

जाता जाता एक सुचवतो, पटलं तर बघा. रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळाचा फोटो छापाल तेव्हा शेजारी खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप छापा. दोन्हीकडं छताला मधोमध गोल मोकळी जागा आणि वर आभाळ, त्यांचं भोक सत्तावीसेक फुटांचं, आपलं साधारण तेरा फुटांचं. त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र बरोबर वर येतो तेव्हा तर कॅमेरेवाल्यांची जत्राच असते तिथं, त्यातल्याच कुणाचा तरी फोटो त्याच्या नावानिशी छापा.

एवढं सगळं छापायला जागा कुठाय म्हणाल, तर फोटो अर्धा इंच लहान करा आणि ठिकाण, महिना, वेळ, काढणाऱ्याचं नाव आणि फोटोत काही जोडलं-खोडलं असेल तर ते, एवढं बारीक टायपात द्या. आम्ही चष्मा लावून वाचू.

आपला,
एक जुना वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर