शीख बाइकस्वार: चर्चा हेल्मेटपाशीच का थांबते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडातल्या शीख मोटारसायकल क्लबांविषयी आपल्याकडे काही छापून आले की गाडी हेल्मेटपाशी अडकते. तो मुद्दा आधी उरकतो. पगडीधारी शिखांना ब्रिटिश कोलंबियाने 1999 मध्ये हेल्मेटमधून सूट दिली, अल्बर्टा आणि ऑन्टारियोने 2018 मध्ये. सस्कॅचेवानने 2023 मध्ये दिली, तीही धर्मादाय राइडसारख्या विशेष कार्यक्रमांपुरती. त्यामुळे देश ओलांडायला निघालेल्या गटाला वाटेतल्या प्रत्येक प्रांताचा नियम आधी पाहावा लागतो. (भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्येच ही सूट आहे.) पगडी म्हणजे हेल्मेट नव्हे, हे उघड आहे. पण सूट डोक्यापुरतीच आहे. जाकीट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट यांत हयगय करणाऱ्या क्लबबरोबर जाऊच नये.

रोजची ऐसपैस पगडी महामार्गावर टिकत नाही. ताशी शंभरच्या वेगात वारा घडीत शिरतो आणि एक लड (कापडाचा वेढा) सैल झाली की बाकीच्या पाठोपाठ सुटतात. म्हणून खाली घट्ट केसकी (आतली छोटी पगडी), वर नेहमीपेक्षा आखूड कापड, लडी चापून बसवलेल्या आणि शेवटचे टोक खोचून पिनांनी पक्के केलेले. गॉगलचा पट्टा पगडीवरून घेतला तर वर सरकतो. तो मागे पगडीच्या खालच्या कडेखाली बसायला हवा. कान झाकले म्हणून वाऱ्याचा आवाज अडत नाही, इअरप्लग लागतातच. सुती कापड पावसात पाणी पिऊन जड होते, म्हणून दुसरी कोरडी पगडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर हवी. गातऱ्यातली (खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यातली) किरपाण जाकिटाच्या आत, पण मणक्यावर किंवा बरगडीवर येणार नाही अशी. पडल्यावर तीच टोचते.

गटाने चालवण्याची शिस्त कुठल्याही क्लबला सारखीच. पाच ते सात गाड्यांचा एक गट, नागमोडी रांग: तिरक्या पुढच्या गाडीपासून एक सेकंद, सरळ पुढच्या गाडीपासून दोन सेकंद अंतर. वळणावर आणि अरुंद रस्त्यावर एकेरी. नवखा स्वार म्होरक्याच्या लगेच मागे, शेवटी नव्हे. कारण रांग रबरासारखी ताणली जाते. म्होरक्या ऐंशीने निवांत जात असतो तेव्हा शेवटचा शंभरने धापा टाकत असतो. म्हणून शेवटी सर्वांत मुरलेला माणूस, आणि पंक्चर किट, हवेचा छोटा पंप, फ्यूज, क्लच केबल त्याच्याकडे. पेट्रोलचा थांबा सर्वांत लहान टाकीवर ठरतो. मोठ्या टाकीवाल्यांना ते जाचते, पण थांबल्यावर सगळ्यांनी भरून घ्यायचे, नाहीतर तासाभरात पुन्हा थांबावे लागते.

आता सेवेकडे येतो, कारण सर्वाधिक गोंधळ इथे होतो. ब्रिटिश कोलंबियातला शीख मोटारसायकल क्लब 2002 चा. गुरू नानकांच्या 550व्या प्रकाशपर्वाच्या वर्षी, 2019 मध्ये, त्याचे सहा स्वार सरेहून निघून पंजाबात पोहोचले आणि त्या प्रवासातून खालसा एड या शीख मदतसंस्थेसाठी निधी उभा केला. त्यांनी मदतीचे सामान वाहून नेले नाही, हे लक्षात घ्यावे. बाइक माणसे आणि पैसा जमवते. माल वाहायला ती निरुपयोगी आहे. दोनशे जणांच्या साध्या लंगरचा हिशेब करा: माणशी 50 ग्रॅम डाळ म्हणजे 10 किलो, 75 ग्रॅम तांदूळ म्हणजे 15 किलो. शिजल्यावर डाळच चाळीसेक लिटर होते. ती व्हॅनमधूनच जाणार, आणि व्हॅन स्वारांच्या आधी पोहोचली पाहिजे. अन्न वाढेपर्यंत 60 अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवे. फसवतो तो भात: कोमट राहिला तर त्यातले जिवाणू विष सोडतात आणि पुन्हा गरम केल्याने ते जात नाही. सार्वजनिक जागी वाढायचे तर आरोग्य विभागाची तात्पुरती परवानगीही काढावी लागते. ती आदल्या दिवशी मिळत नाही.

अन्नपेढीला, म्हणजे गरजूंना फुकट अन्नधान्य देणाऱ्या संस्थेला, द्यायचे असेल तर यादी त्यांच्याकडूनच मागावी. जुने कपडे आणि मुदत संपत आलेले डबे निवडत बसायला त्यांचे स्वयंसेवक अडकून पडतात. डायपर, बाळाच्या दुधाची पावडर किंवा सरळ पैसे त्यांना जास्त उपयोगी पडतात. देणगी क्लबच्या खिशातून फिरवू नये. कॅनडात करसवलतीची पावती फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्था आणि कायद्याने पात्र ठरवलेल्या मोजक्या संस्थाच देऊ शकतात. देणगीदाराने थेट तिथेच भरले की हिशेबाचे वाद उद्भवत नाहीत. फोटोपुरता मोठा धनादेश हवा तर खुशाल छापावा.

रक्तदान आणि राइड एकाच दिवशी ठेवण्याची हौस मात्र आवरावी. रक्त दिल्यावर चक्कर काही तासांनीही येऊ शकते, आणि गाडीत बसलेल्या माणसाला येणे व दोनशे-तीनशे किलोच्या बाइकवर बसलेल्याला येणे यांत फार फरक आहे. कॅनडातले शीख 1984 च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या स्मृतीसाठी नोव्हेंबरात रक्तदान मोहीम घेतात. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा पाऊस असतो, बहुतेक बाइक झाकून ठेवलेल्या असतात. क्लबच्या सभासदांनी शिबिराला तेव्हाच, बसने जावे.

आपला,
एक वाचक
सरे, ब्रिटिश कोलंबिया