तुमच्या ओसरीवर उभ्या राहिलेल्या कलावंतांच्या संस्थेकडून, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गेल्या सोमवारी आपल्या हलगीवाल्या आजोबांच्या खात्यावर सरकारी मानधनाचे पहिले 5,000 रुपये जमा झाले. पासबुकातली ती ओळ त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि म्हणाले, "आता हे हिशेबवाल्या काकास्नी दाखवून ये." तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं पुण्याला, म्हणून पत्र लिहितेय. आणि चार लोकांनी वाचावं असं उघड लिहितेय. संस्थेच्या एकाही बोर्डावर तुम्ही स्वतःचं नाव येऊ दिलं नाहीत, निदान इथं तरी तुमचं काम लिहिलेलं असू दे.

2019 च्या पुरात पंचगंगा घराघरांत शिरली तेव्हा गणपती महिन्यावर आले होते. कुंभारांच्या तयार मूर्ती विरघळल्या, वाजवणाऱ्यांच्या हलग्यांचं कातडं भिजून गेलं. ते सावरतंय तोवर कोरोना. जत्रा बंद, सुपाऱ्या बंद. आम्ही पाच-सहा जणांनी वर्गणी काढून शिधा वाटला. पैसे माझ्याच खात्यावर येत होते. एकानं चारचौघांत विचारलं, "हिशेब कुठाय?" मी रडकुंडीला आले होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी लाल कापडी बांधणीची वही घेऊन आलात. वाटलं, धीर द्यायला आलात. तुम्ही म्हणालात, "त्यानं विचारलं ते बरोबरच हाय. बस, लिहायला घे." तीन रात्री आपण पावत्या जुळवत होतो. चौथ्या दिवशी तो हिशेब तालमीच्या भिंतीवर लागला. ज्यानं प्रश्न विचारला होता, तोच आज आपला खजिनदार आहे.

संस्था रीतसर नोंदवायची कल्पनाही तुमचीच. 1860 चा संस्था नोंदणी कायदा, 1950 चा विश्वस्त व्यवस्था कायदा, किमान सात सभासद, धर्मादाय कार्यालयातल्या फेऱ्या, हे सगळं तुम्हाला पाठ. जागेच्या पत्त्यावर अडलं तेव्हा तुम्ही घराचं वीजबिल आणि संमतीपत्र आणून ठेवलंत. संस्थेचा पत्ता आजही तुमची ओसरीच आहे. एक गृहस्थ सगळा खर्च उचलायला तयार होते, फक्त अध्यक्षपद आणि नावात त्यांच्या वडिलांचं नाव हवं होतं. आम्ही जवळजवळ हो म्हटलं होतं. सातांतले पाच तरी कलाकार पाहिजेत, यावर तुम्ही अडून बसलात. पुढं उद्देशाच्या कलमात मी लिहिलं, 'गरजू कलाकारांना मदत करणे'. तुम्ही 'गरजू' आणि 'मदत' दोन्ही शब्द खोडून लिहिलंत, 'कलावंतांना त्यांच्या कामाचा रीतसर मोबदला मिळवून देणे'. त्या एका ओळीनं आमची चाल बदलली. आता सुपारी घेताना आधी पत्र, मग इसार, आणि कार्यक्रम झाल्यावर बिदागीच्या पावतीवर दोघांच्या सह्या.

पण मला मनापासून सांगायचंय ते आजोबांच्या मानधनाचं. शाहू महाराजांच्या नावानं सरकारची योजना आहे, ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी. कलेत किमान 15 वर्षं काढल्याचा पुरावा लागतो. आजोबांनी जन्म काढला शाहिरांच्या मागं हलगी वाजवण्यात, आणि हातात कागदाचा कपटा नाही. शाहिराचं नाव हस्तपत्रिकेवर छापलं जातं, साथीदाराचं नाही. एका कार्यालयातून त्यांचा अर्ज तसाच परत आला होता. "ऱ्हाऊ दे पोरी," म्हणून ते हलगी शेकत बसले. ते शांतपणे बसणं मला अजून आठवतं.

तुम्ही हिशेबनीस म्हणून विचार केलात. म्हणालात, "ह्यांच्याकडं कागद नसंल, पण ज्यानं पैसे दिले त्याच्या वहीत खर्च पडलाच असंल की." ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मग माझ्या मोपेडवर मागं बसून, दुखरा गुडघा सांभाळत, तुम्ही पन्हाळा आणि करवीर तालुक्यातली गावं पालथी घातलीत. जत्रा कमिट्यांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या मागून घेतल्यात. एका देवळात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून वाळवी लागलेली वही निघाली. रोषणाई आणि नारळाच्या मध्ये ओळ होती, 'हलगी', पुढं आजोबांचं नाव आणि 75 रुपये. तुम्ही चष्मा काढून पुसलात, बराच वेळ पुसत होतात. अशा नोंदी गोळा करून, सरपंचांचे दाखले जोडून अर्ज पुन्हा गेला. तोच आता मंजूर झाला.

कोल्हापूरला आपण कौतुकानं कलापूर म्हणतो. शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर उभं केलं, त्याचंच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आम्ही सगळे रडत होतो. तुम्ही आठवड्याभरात यादी केलीत ती पडदा ओढणाऱ्यांची, प्रकाशयोजनेच्या हाताखालच्या पोरांची, रंगभूषा करणाऱ्यांची. आपल्या रजिस्टरात त्यांची नावं 'कलावंत' या रकान्यातच घातलीत. ती आजही तिथंच आहेत, कुणी हलवणार नाही.

तुमचे आभार एवढ्याचसाठी नाहीत, काका. कुणी प्रश्न विचारला तर त्याचा राग धरणं तुम्ही आम्हाला सोडायला लावलंत, आणि आमच्या माणसांची नावं कागदावर आणलीत. मी तुमची खूप ऋणी आहे.

तिसरी वही संपत आली. 1 एप्रिलपासूनची नवी आणून ठेवली आहे, तशीच लाल. पहिल्या पानावर अजून कुणी काही लिहिलेलं नाही. 'श्री' तुमच्याच हातचा पाहिजे, असं आजोबांनी सगळ्यांना बजावलंय. गुडघा बरा झाला की कळवा, स्टँडवर घ्यायला येते.

तुमची,
संस्थेची सचिव, आणि मोपेडची चालक