मावशी, तुम्ही गादीचा कोपरा उचलून दाखवलात

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही खोल्या झाडता त्या लॉजचंही नाही. तुमच्या नोकरीवर यायला नको. पण तुमची लेक मोबाईलवर आलेलं सगळं तुम्हाला वाचून दाखवते, असं तुम्ही जिन्यात बसल्या बसल्या बोलला होतात. तेवढ्या भरवशावर हे पत्र उघड लिहितेय. फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचलं, तर तुम्ही लगेच ओळखाल. बार्शीची शिलाईवाली, सोबत 74 वर्षांच्या सासूबाई, किरणोत्सवाला आलेल्या.

नोव्हेंबरातले ते दिवस आठवतायत ना? मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. सासूबाईंची ही कितीतरी वर्षांची इच्छा. एसटीनं दिवसभर हाडं खिळखिळी करून संध्याकाळी कोल्हापुरात उतरलो, तर देवळाच्या आसपास खोली म्हणून मिळेना. चौथ्या ठिकाणी तुमच्या लॉजवर मिळाली. मी दार उघडलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे बॅग पलंगावर टाकली. तुम्ही मागून बादली घेऊन आलात आणि हळूच म्हणालात, "ताई, पिशवी पलंगावर नगा ठेवू. आधी न्हाणीत ठेवा."

मला वाटलं, चादर मळेल म्हणून सांगताय. तुम्ही दाराकडे एकदा बघितलंत, मॅनेजर खाली गेलेत याची खात्री केलीत आणि उशीकडच्या बाजूनं गादीचा कोपरा उचललात. माझ्याकडून मोबाईलची बॅटरी लावून घेतलीत. गादीच्या कडेला जी गोल पायपिंग असते, तिच्या खाली शिवणीत शाईचे ठिपके पडावेत तसे काळे डाग होते, एकाला एक लागून. तुम्ही पदराचं टोक ओलं करून डाग पुसलात, तो तपकिरी-लालसर फरफटला. "धूळ असती तर अशी पसरली नसती. ही ढेकणांची घाण."

मावशी, तेव्हा मी मटकन खाली बसले. तुम्हाला वाटलं प्रवासानं चक्कर आली. सासूबाई पाणी आणायला धावल्या. कारण तेव्हा सांगवलं नाही, आज सांगते.

त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही एका लग्नाला गेलो होतो. दोन रात्री लॉजवर राहिलो. लॉज चकाचक होतं, चादरी पांढऱ्याशुभ्र. परत आल्यावर तीनेक आठवड्यांनी माझ्या मुलीच्या दंडावर एका ओळीत गांधी उठायला लागल्या. मला थोड्या. सासूबाईंना एकही नाही, त्यामुळे घरात ढेकूण असतील असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. औषधं झाली, मलमं झाली, साबण बदलला, तिचं दूध बंद केलं. काही जणांच्या अंगावर ढेकणाच्या चाव्याची खूणच उमटत नाही आणि काहींच्या अंगावर ती कित्येक दिवसांनी उमटते, हे मला फार उशिरा कळलं.

एका पहाटे दिवा लावला तेव्हा उशीच्या अभ्र्यावर चालताना दिसला. जवसाच्या दाण्याएवढा, तसाच चपटा आणि तपकिरी.

त्यानंतरचे चार महिने मी कुणालाही सांगितलं नाही. मी लोकांचे कपडे शिवते, मावशी. माझ्या घरात दहा घरच्या ब्लाऊजपीसांच्या पिशव्या असतात. लग्नसराईत तर पैठण्या असतात. माझ्या घरातून कुणाच्या घरी ढेकूण गेला, हे गावात झालं असतं तर मी पुन्हा कात्री हातात धरू शकले नसते. "हात दुखतोय" म्हणून मी कामं परत केली. दुकानातून फवारे आणून रात्री दार लावून मारत राहिले. वरवरचे दोन-चार मरायचे, बाकीचे भिंतीच्या फटीत आत सरकायचे. पुढं औषध मारणाऱ्या माणसाला बोलावलं, तेव्हा त्यानं सांगितलं की पूर्वी चालणाऱ्या बऱ्याच औषधांना हे आता दाद देत नाहीत आणि अंड्यांना तर फवारा बहुतेक लागतच नाही. अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं, पांढरट, फटीत चिकटवलेलं. आठ-दहा दिवसांत फुटतं. म्हणून तो पंधरा दिवसांनी पुन्हा आला, त्यानंतर आणखी एकदा. सगळं मिळून सात महिने गेले. त्यातले चार फक्त माझ्या लाजेचे.

आणि इथं तुम्ही, पाच मिनिटांच्या ओळखीवर, ज्यांच्या पगारावर तुमचं घर चालतं त्यांच्याच लॉजातली गादी उचलून मला दाखवत होतात. तुमच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. डाळीत खडा आहे, बघून घ्या, इतक्या सरळपणे सांगत होतात. मी म्हटलं, "पण चादर तर स्वच्छ आहे की." तुम्ही म्हणालात, "चादर रोज धुत्यात. गादी कोण धुतंय?"

हे वाक्य आता मी बार्शीत निदान पन्नास जणींना सांगितलंय.

मग सासूबाईंचा हात धरून तुम्ही आम्हाला वरच्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाच्या खोलीत नेलंत. मला शेजारची खोली चालली असती, तुम्ही नको म्हणालात. भिंतीतल्या वायरींच्या नळीतून, दाराखालून ते शेजारी जातात, वर-खालीही जातात. मॅनेजरना सांगितलंत, त्या खोलीतला नळ गळतोय. तो खरंच गळत होता, मी नंतर पाहिलं. नवी खोलीही तुम्ही आमच्या हवाली तशीच केली नाहीत, आधी माझ्याकडून तपासून घेतलीत. स्वतः बाजूला उभ्या राहिलात, कंबरेवर हात, आणि मी विद्यार्थिनीसारखी एकेक जागा बघत होते.

तुम्ही सांगितलेली एकही जागा मी विसरलेले नाही. सुरुवात उशीकडून, कारण माणूस जिथं श्वास सोडतो तिथून ते लांब राहत नाहीत, श्वास आणि अंगाची ऊब यांच्या मागावरच येतात. गादीचे चारही कोपरे, पायपिंग, गादीवरचं लेबल उलटून. पलंगाच्या डोक्याकडची फळी आणि भिंत यांच्यामध्ये बॅटरीचा उजेड. प्लायवुडचे सांधे, स्क्रूची भोकं. पडद्याची खालची दुमड. भिंतीवरच्या तसबिरीची मागची बाजू. खुर्ची असेल तर बैठकीखाली. जिवंत ढेकूण दिसलाच पाहिजे असं नाही. डाग, कात टाकल्यासारखी पातळ पिवळट टरफलं किंवा कुजकट गोडसर उग्र वास, यातलं एक जरी सापडलं तरी ती खोली नको. टरफलं कुठून येतात तेही तुम्ही सांगितलंत. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळेला त्याला आधी रक्त लागतं.

शिवणीत काय लपतं ते मला कळायला हवं होतं. आयुष्य शिवणी उसवण्यात गेलं माझं. पण गादी ही शिवलेली वस्तू आहे, हे तुम्ही दाखवेपर्यंत डोळ्यांना दिसलं नव्हतं.

बॅग न्हाणीत का, तेही मी विचारलं होतं. "तिथं लपाय जागा न्हाई, आन पांढऱ्या फरशीवर दिसतंय." खोली बघून होईपर्यंत तिथं, नंतर टेबलावर, चेन लावून. जमिनीवर, गादीवर, सोफ्यावर नाही. अंगावरचे कपडे काढले की खुर्चीवर न फेकता पिशवीत घालून गाठ. ढेकणाला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. तो चालतो आणि आपल्या सामानात बसून गावोगाव जातो. त्याला सामानात बसू दिलं नाही की झालं.

त्या रात्री सासूबाई निवांत झोपल्या. मी मध्ये दोनदा उठून बॅटरी लावली, खोटं कशाला सांगू. काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण जिन्यात बसलो. तुम्ही भडंग दिलंत, त्यात कांदा तुम्हीच चिरून घातलात. तेव्हा तुम्ही सहज बोलून गेलात ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कामावरची साडी तुम्ही घरात नेत नाही. घरी पोचलात की मागच्या दारी न्हाणीत साडी बदलायची, ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची आणि उकळतं पाणी तयार झालं की थेट त्यात. सोळा वर्षं. लेकराबाळांच्या अंथरुणात एकही जाऊ नये म्हणून. आम्ही एक-दोन रात्रींचे पाहुणे. येतो, गाठोड्यातून ढेकूण घेऊन येतो नाहीतर घेऊन जातो. त्या खोल्यांमध्ये रोज हात घालतं कोण? तुम्ही. लॉज महागाचं असो की स्वस्तातलं, "ढेकूण काय भाडं बघून येत न्हाईत" असं तुम्ही म्हणालात आणि तुमच्यासारख्या बायका मात्र सगळीकडे त्याच पगारावर वाकून गाद्या उचलतात. त्यांचं म्हणणं मालकांनी ऐकावं. खोली झाडणाऱ्या बाईच्या आधी ढेकूण कुणाला दिसणार? तुम्ही त्या गादीबद्दल तीनदा सांगितलं होतंत आणि तीनदा "गर्दी ओसरू दे" असं उत्तर मिळालं होतं. हे मला फार लागलं.

म्हणून निघताना मी काउंटरवर बोलले. तुमचं नाव काढलं नाही. फोनमधला फोटो दाखवला आणि आवाज न चढवता म्हटलं की ही खोली बंद ठेवा, गादीबरोबर पलंगाचे सांधे आणि शेजारच्या खोल्याही बघून घ्या, नुसती गादी बदलून भागणार नाही. ते आधी गप्प होते. मग त्यांनी बोर्डावरून त्या खोलीची किल्ली काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढं काय झालं ते तुम्हालाच ठाऊक.

घरी आल्यावर तुम्ही सांगितलं तसंच केलं. बॅगा अंगणातच उघडल्या. सुती कपडे सगळे उकळत्या पाण्यात. 50 अंशांच्या वर चांगली उष्णता आत मुरली की अंड्यासकट मरतात, याची खात्री आता मलाही आहे. सासूबाईंची रेशमी साडी पाण्यात घालता येईना, तिच्यावर सुती फडकं टाकून काठाकाठानं सावकाश इस्त्री फिरवली. बॅगेच्या शिवणी ब्रशनं झाडल्या, चेनच्या बाजू बघितल्या, बॅग पिशवीत बांधून पोटमाळ्यावर टाकली. सासूबाई शेजारी बसून त्यांच्या लहानपणचं सांगत होत्या. रविवारी बाजा अंगणात काढायच्या आणि सांध्यांत कढत पाणी ओतायचं. त्याच बरोबर होत्या बघा, औषधापेक्षा उष्णताच खरी. काही घरांत तेव्हा रॉकेलही ओतायचे. ते मात्र कुणी करू नका, घर पेटायला एक ठिणगी पुरते.

तीन महिने मी रोज गाद्यांच्या शिवणी बघितल्या. काही आलं नाही. लग्नसराईची कामं घेतली, या वेळी एकही परत केलं नाही. आणि ज्या चार गिऱ्हाइकांना तेव्हा "हात दुखतोय" म्हणून सांगितलं होतं, त्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं. त्यातल्या दोघी म्हणाल्या, आमच्याकडेही झाले होते, आम्हीही बोललो नाही.

सासूबाईंना तिसऱ्या दिवशी देवीचं दर्शन झालं, त्यांचे डोळे भरून आले. घरी आल्यावर दिवा लावताना मात्र त्या आधी तुमचं नाव घेतात, मग देवीचं. मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, "तिनंच पाठवली होती की गं ती."

येत्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा येतोय. तुमच्यासाठी दोन ब्लाऊज शिवून ठेवलेत, एक कामावरचा आणि एक सणाचा. सोबत पांढऱ्या कापडाची नाडीची पिशवी, कामावरच्या साडीसाठी. आतली शिवण दुमडून पूर्ण बंद केलीय, एकही फट ठेवलेली नाही. ब्लाऊजचं माप मी जिन्यात बसल्या बसल्या नजरेनं घेतलं होतं. बाहीत चुकलं असेल, तर सुई-दोरा बरोबर आणते, तिथंच बसून उसवून देईन.

तुमची,
बार्शीची शिलाईवाली