मातृवंदनेचा हप्ता कुठे अडतो?

महोदय,

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात: गरोदरपणाची नोंद व एक तपासणी झाल्यावर ३,००० आणि जन्मनोंद व १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरी मुलगी झाल्यास एकरकमी ६,००० मिळतात. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई अर्ज भरून देतात.

पैसे अडतात ते बहुतेकदा बँकेपाशी. खात्याला आधार क्रमांक जोडला एवढ्याने भागत नाही. अनुदान त्याच खात्यात यावे म्हणून आधार सीडिंगचा वेगळा अर्ज बँकेत द्यावा लागतो. दोन खाती असतील तर शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात रक्कम जाते, आणि बाई मात्र जुनेच पासबुक भरून पाहत राहते. नवऱ्याचे खाते चालत नाही. आधारवर माहेरचे आणि अर्जात सासरचे नाव असले तरी अर्ज अडकतो. म्हणून आधारवर आहे तेच नाव अक्षरशः उतरवावे.

माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख नीट लिहिली आहे ना, हे पहिल्याच तपासणीत बघून घ्यावे. पहिल्या अपत्यासाठी अर्ज करण्याची ५७० दिवसांची मुदत त्या तारखेपासूनच मोजतात. नाकारलेल्या अर्जाचे कारण सेविकेने आईला वेळेत सांगावे, अशी सक्ती प्रशासनाने करायला हवी.

एक वाचक